किनाऱ्यावर आलेल्या डांबरगोळ्यांतील तेल मूळचे कोणते, हे कसे ठरवावे?

प्रश्न — किनारा_रसायन

नमस्कार. मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे वाहून येतात. ते कोणत्या तेलाचे आहेत याचा शोध हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. गोळे डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून वाळू गाळून काढली आणि निर्जल सोडियम सल्फेट घालून पाणी काढले. नंतर सिलिका जेलच्या स्तंभातून आधी हेक्सेन आणि मग हेक्सेन व डायक्लोरोमिथेन यांचे समप्रमाण मिश्रण सोडून संपृक्त आणि ॲरोमॅटिक असे दोन भाग वेगळे केले व दोन्ही जीसी-एमएसवर (मिश्रणातील घटक वेगळे करून त्यांची वस्तुमाने मोजणाऱ्या यंत्रावर) चालवले. तुलनेसाठी आमच्या विभागात मुंबई हायच्या कच्च्या तेलाचा एक जुना, सीलबंद नमुना आहे.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, कच्च्या तेलाचा क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला घटकांच्या शिखरांचा आलेख) आणि गोळ्याचा क्रोमॅटोग्राम शेजारी ठेवले तर ते एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. कच्च्या तेलात सरळ साखळीच्या अल्केनांची ओळीने उभी असलेली शिखरे दिसतात. गोळ्यात सुरुवातीची शिखरे जवळजवळ नाहीत, पुढची खुजी आहेत आणि त्यांच्याखाली एक मोठा, न सुटलेला उंचवटा आहे. सी-१७ (सतरा कार्बनांचे सरळ साखळीचे अल्केन) व प्रिस्टेन आणि सी-१८ व फायटेन (प्रिस्टेन व फायटेन ही शाखा असलेली अल्केने) ही दोन्ही गुणोत्तरे कच्च्या तेलात एकाहून बरीच जास्त, तर गोळ्यात एकाच्या खूप खाली आहेत. गुणोत्तरे जुळत नाहीत म्हणजे तेल वेगळे, असा निष्कर्ष मी लिहिला आहे. तो ग्राह्य आहे का?

दुसरी अडचण वजनाची आहे. डायक्लोरोमिथेनमध्ये जेवढा ऐवज विरघळला, त्याच्या निम्म्याहूनही कमी ऐवजाचा हिशोब क्रोमॅटोग्राममधून लागतो. उरलेले तेल जाते कुठे? माझ्या पद्धतीत चूक आहे की तेलातच काही बदल झाला आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद — निवृत्त_तेलरसायनी

आपण प्रश्न नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तरही सविस्तर देतो. पहिल्या अडचणीपुरते बोलतो. दुसऱ्या अडचणीवर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे इथे आहेत.

सी-१७ आणि प्रिस्टेन यांच्या गुणोत्तरावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष ग्राह्य नाही. तेल खरोखरच वेगळे असेलही, परंतु ते या गुणोत्तराने सिद्ध होत नाही. या दोन संयुगांचे उत्कलनबिंदू इतके जवळ आहेत की बाष्पीभवनाने दोन्ही साधारण एकाच वेगाने उडतात आणि गुणोत्तर तसेच राहते. म्हणून गळतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ते मूळ तेल ओळखायला उपयोगी पडते. जिवाणूंनी तेलाला हात घातला की मात्र ते सरळ साखळीची अल्केने आधी खातात आणि शाखा असलेले प्रिस्टेन मागे ठेवतात. म्हणजे गुणोत्तर खाली आले, यावरून जिवाणूंचे काम किती पुढे गेले एवढेच कळते. प्रिस्टेनही अमर नाही. जिवाणूंची मेजवानी लांबली की तेही संपते, आणि मग हे गुणोत्तर प्रत्यक्षाहून कमी ऱ्हास दाखवू लागते.

समुद्रात पडलेल्या तेलाचा अपक्षय एका वेळी एकाच कारणाने होत नाही, पण प्रत्येक कारणाची स्वतःची खूण असते. बाष्पीभवन क्रोमॅटोग्रामची डावी बाजू खाते: साधारण दहा कार्बनपर्यंतची संयुगे काही तासांत ते दिवस-दोन दिवसांत जातात, आणि पंधरा कार्बनच्या आसपासपर्यंतची पुढच्या काही दिवसांत. पाण्यात विरघळणे हे बेंझीन, टोल्यूइन व नॅफ्थॅलीन यांसारख्या लहान ॲरोमॅटिकांवर ओढवते. जिवाणू उत्कलनबिंदू पाहत नाहीत, ते रेणूची ठेवण पाहतात. सूर्यप्रकाशाची निवड याच्या जवळजवळ उलट असते: तो मोठ्या आणि जास्त मिथाइल गट असलेल्या ॲरोमॅटिकांना आधी धरतो, संपृक्त अल्केनांना थेट फारसे छेडत नाही. त्यामुळे क्रोमॅटोग्राममध्ये काय गेले आहे हे पाहून ते कशाने गेले, हे बऱ्यापैकी सांगता येते. तुमच्या नमुन्यात डावी बाजू गेली आहे, अल्केने खुजी झाली आहेत आणि उंचवटा उरला आहे. बाष्पीभवन आणि जिवाणू या दोघांचेही काम यात स्पष्ट दिसते.

मूळ ओळखायचे असेल तर या सगळ्यातून तग धरणारे रेणू पाहावे लागतात. असा सर्वांत भरवशाचा रेणू म्हणजे तीस कार्बनचा हॉपेन. प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलातील घटकांपासून तो कोट्यवधी वर्षांत खडकात तयार झाला. त्याची पाच कड्यांची चौकट आजच्या जिवाणूंना सहजी फोडता येत नाही. तुमच्या संपृक्त भागात १९१ चा आयन (रेणू फुटून बनलेला, १९१ वस्तुमानाचा विद्युतभारित तुकडा) निवडून पाहा. एकूण आयनांच्या क्रोमॅटोग्राममध्ये उंचवट्याखाली दडलेली हॉपेनांची रांग तिथे स्वच्छ उभी राहील. स्टेरेनांसाठी (चार कड्यांच्या अशाच खुणेच्या रेणूंसाठी) २१७ आणि २१८ हे आयन पाहावेत.

हॉपेनाचा पहिला मोठा उपयोग अलास्कात झाला. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हॅल्डीझ हे जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधील ब्लाय रीफवर आदळले आणि सुमारे ३७,००० टन कच्चे तेल सांडले. किनाऱ्यांवर खत टाकून जिवाणूंना बळ देण्याचा प्रयोग तिथे झाला. मात्र त्याचा परिणाम मोजणे कठीण होते, कारण गोट्यागोट्यांच्या त्या किनाऱ्यावर एका जागी तेल दाट, तर हातभर अंतरावर विरळ असे. नुसते 'किलोभर वाळूमागे किती तेल' मोजून काही हाती लागत नव्हते. तेव्हा प्रत्येक घटक त्याच नमुन्यातील हॉपेनाच्या तुलनेत मोजला गेला, आणि मग जिवाणूंनी प्रत्यक्ष किती तेल संपवले ते वेगळे दिसू लागले.

यात नवशिक्याचा एक गोंधळ हमखास होतो, तो आधीच दूर करतो. अपक्षय झालेल्या तेलात दर ग्रॅममागे हॉपेन वाढलेले दिसते. पेज चुलीवर आटली की खारट लागते, तरी मीठ कोणी वर घातलेले नसते. तसेच हे आहे. हिशोब असा करावा: नमुन्यातील घटक भागिले नमुन्यातील हॉपेन, याला मूळ तेलातील घटक भागिले मूळ तेलातील हॉपेन याने भागावे, आणि उत्तर एकातून वजा करावे. समजा मूळ तेलात सी-१८ व हॉपेन यांचे गुणोत्तर ६० होते आणि गोळ्यात ३ आहे, तर सी-१८ पैकी ९५ टक्के गेले. त्याचप्रमाणे मूळ तेलात ग्रॅममागे ६० मायक्रोग्रॅम हॉपेन होते आणि गोळ्यातील तेलात १५० आहे असे धरले, तर मूळ तेलाच्या वजनापैकी ४० टक्केच उरले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

तुमच्याकडील कच्चे तेल हेच मूळ आहे असे गृहीत धरून हा हिशोब करू नका. आधी ओळख पटली पाहिजे, टक्केवारी त्यानंतरची.

प्रतिसाद — आखातकाठी

वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. मी लुईझियानात राहतो आणि पर्यावरणीय रसायनशास्त्राच्या क्षेत्रात काम करतो. दुसऱ्या अडचणीचे उत्तर या भागाने फार मोठी किंमत मोजून मिळवले आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

२० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर हॉरायझन या तरंगत्या खोदकाम मंचावर स्फोट झाला आणि ११ कामगार गेले. सुमारे १,५०० मीटर खोल समुद्रतळावरील मॅकोंडो विहीर १५ जुलैला बंद होईपर्यंत ८७ दिवस तेल ओकत होती. मेक्सिकोच्या आखातात गेलेले तेल न्यायालयाने पुढे ३१.९ लाख पिंपे इतके धरले. हे तेल हलके होते: ताज्या तेलात सुमारे ७४ टक्के संपृक्त, १६ टक्के ॲरोमॅटिक आणि १० टक्के ध्रुवीय घटक होते. असे तेल अपक्षयानंतर जवळजवळ नाहीसे होईल अशी अपेक्षा होती. जीसीवर पाहिले तर तसेच दिसतही होते, कारण महिन्यामागून महिने शिखरे कमी होत होती.

पण किनाऱ्यावरच्या वाळूच्या चपट्या ढेपा आणि खडकांवरून खरवडलेले तेल विद्रावकात विरघळवून वजन केले, तर वजन तेवढे कमी होत नव्हते. त्या तेलात ऑक्सिजन शिरला होता. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीला ज्वाला-आयनीभवन संवेदक जोडून घटकांची वर्गवारी केली, तेव्हा संपृक्त आणि ॲरोमॅटिक भाग आटले असून त्यांच्या जागी ऑक्सिजनयुक्त संयुगांचा भाग वाढत जाऊन तेलाच्या निम्म्याहून अधिक वजनाचा झाला आहे, असे दिसले. कीटोने, कार्बोक्सिलिक आम्ले आणि त्यांहून गुंतागुंतीचे असे हे रेणू आहेत. ते नेहमीच्या जीसीच्या नळीतून बाहेर येत नाहीत. काही इंजेक्टरपाशीच अडकतात, काहींचे विघटन होते आणि उरलेले इतके विविध असतात की त्यांचे एकही शिखर उठत नाही. टॅलाहासीच्या राष्ट्रीय उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेतील अतिउच्च विभेदनाच्या वस्तुमान वर्णपटमापकाने त्यांचे हजारो सूत्रे असलेले रान पुढे उघड केले.

या बदलात सूर्यप्रकाशाचा वाटा पूर्वी मानला जाई त्यापेक्षा फार मोठा निघाला. उन्हात पाण्यावर तरंगणाऱ्या तवंगात काही दिवसांतच ऑक्सिजनयुक्त संयुगे लक्षणीय प्रमाणात बनतात. याला व्यवहाराची बाजूही आहे. असे तेल घट्ट व चिकट होते आणि विसरणद्रव्य (तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात पसरवणारे रसायन) फवारले तरी ताज्या तेलाइतके सुटत नाही. म्हणजे फवारणीची विमाने कधी आणि कोणत्या तवंगावर पाठवायची, या निर्णयाशी या रसायनाचा थेट संबंध येतो.

आता तुमच्या पद्धतीकडे येतो. तुमचा गहाळ ऐवज बहुधा तुमच्या सिलिका जेलवरच बसला आहे. हेक्सेन आणि हेक्सेन-डायक्लोरोमिथेन मिश्रण यांनी ध्रुवीय संयुगे स्तंभातून उतरत नाहीत. दोन भाग गोळा केल्यावर स्तंभाच्या वरच्या टोकाला तपकिरी पट्टा उरला होता का, हे आठवून पाहा. पुढच्या वेळी शेवटी डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल यांचे मिश्रण सोडून तिसरा भाग गोळा करा, तिन्ही भाग नायट्रोजनच्या मंद झोताखाली वाळवून तोला आणि बेरीज मूळ वजनाशी जुळते का ते पाहा. ही बेरीज बहुतेक प्रबंधांत नसते आणि ती नसल्यामुळे 'तेल नष्ट झाले' असे चुकीचे वाक्य सहज लिहिले जाते. तिसऱ्या भागाचा अवरक्त वर्णपट काढायला महाविद्यालयातील एफटीआयआर पुरते. १,७१० प्रति सेंटीमीटरच्या आसपास कार्बोनिल गटाचे ठसठशीत शिखर ताज्या तेलात नसेल आणि गोळ्यात असेल, तर ऑक्सिजन कुठे गेला ते कागदावर येते.

वरील प्रतिसादाला एक पुरवणी. हॉपेन भरवशाचे आहे, पण १९१ च्या सगळ्या रांगेवर सारखाच भरवसा ठेवू नये. मॅकोंडोच्या तेलात सी-३० हॉपेन टिकले, पण सी-३१ ते सी-३५ ही लांब शेपटीची भावंडे पुढील काळात कमी होत गेली, आणि त्रिॲरोमॅटिक स्टेरॉइडे सूर्यप्रकाशाने चांगलीच खाल्ली. या स्टेरॉइडांना अनेक पाठ्यपुस्तके 'टिकाऊ' म्हणतात. उन्हात पडून राहिलेल्या गोळ्यांसाठी ते म्हणणे बेताने घ्यावे.

प्रतिसाद — वाळू_आणि_नमुने

विश्लेषणाबद्दल वर उत्तम लिहिले गेले आहे. मी नमुने गोळा करण्याच्या बाजूने लिहितो, कारण नमुना बिघडलेला असला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आपण गोळे कशात ठेवले होते? प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले असतील तर क्रोमॅटोग्राममध्ये १४९ चा आयन काढून पाहा. तिथे थॅलेटांची (प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यांची) शिखरे दिसली तर ती पिशवीची आहेत, तेलाची नव्हेत. काचेची, विद्रावकाने धुतलेली, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची बाटली घ्यावी. ती नसेल तर ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावे. उजेड लागू देऊ नये आणि नमुना थंड ठेवावा, नाहीतर फडताळातही अपक्षय चालूच राहतो. गोळा मोठा असेल तर बाहेरचा कडक पापुद्रा आणि आतला मऊ गाभा वेगवेगळे तपासावेत. उन्हाने आणि जिवाणूंनी केलेले बदल पापुद्र्यात जास्त असतात, गाभ्यातील तेल मूळ तेलाच्या अधिक जवळ असते, आणि ओळख पटवण्यासाठी तोच भाग कामाचा.

त्याच किनाऱ्यावरची तेल न लागलेली वाळूही त्याच पद्धतीने चालवावी. आपल्याकडे किनाऱ्यालगत सुरूची बने आणि खाड्यांच्या तोंडाशी खारफुटी असते. त्यांच्या पानांवरील मेणात सी-२७, सी-२९ आणि सी-३१ ही विषम कार्बनसंख्येची अल्केने भरपूर असतात, आणि गोळ्याला चिकटलेल्या पालापाचोळ्यातून ती नमुन्यात येतात. जवळ मासेमारीचा धक्का असेल तर तिथल्या वाळूत इंजिनाचे वंगणही मुरलेले असते. वंगणात अल्केने कमी, उंचवटा मोठा आणि हॉपेने भरपूर असतात. म्हणजेच 'हॉपेन सापडले' एवढ्याने कच्चे तेल सापडले असे होत नाही. रस्त्याच्या डांबरातसुद्धा हॉपेन असते.

अलास्काचा विषय निघाला आहे म्हणून तिथलाच पुढचा भाग सांगतो. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये गळतीनंतर सापडलेले बरेच डांबरगोळे साहजिकच एक्सॉन व्हॅल्डीझचे मानले गेले होते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या कार्बनची समस्थानिके (कमी-अधिक वजनाच्या कार्बन अणूंचे प्रमाण) मोजली. जहाजातील तेलाच्या अवशेषांचे मूल्य उणे २९.४ प्रति हजार होते, तर अनेक गोळ्यांचे उणे २३.७. हॉपेनांची रांगही निराळी होती. ते गोळे कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी शैलसमूहाच्या तेलापासून बनलेल्या पदार्थांचे निघाले. २७ मार्च १९६४ च्या महाभूकंपात व्हॅल्डीझ बंदरातील साठवण टाक्या फुटून इंधन तेल आणि डांबर समुद्रात गेले होते. अलास्कात त्या काळी असा माल कॅलिफोर्नियाहून येत असे. पाव शतक उलटले तरी ते किनाऱ्यावर होते, आणि एवढ्या मोठ्या गळतीच्या डोळ्यांदेखत वेगळे ओळखताही आले. आपल्या किनाऱ्यावर गेल्या महिन्यात आलेला गोळा गेल्या महिन्यातील गळतीचाच असेल, असे समजून चालू नये.

किनारा_रसायन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सुचवल्याप्रमाणे १९१ चा आयन काढून पाहिला आणि सिलिका जेलचा तिसरा भागही उतरवला. तपकिरी पट्टा होता, आणि वजनाची बेरीज आता बरीच जुळते आहे. कार्बोनिलचे शिखर गोळ्यात ठळक आहे, कच्च्या तेलात नाही. नमुने फॉइलमध्येच होते.

१९१ च्या रांगेत जे दिसले ते असे: मुंबई हायच्या नमुन्यात सी-३० हॉपेनाच्या अगदी आधी ओलिनेनाचे (वनस्पतींपासून आलेल्या रेणूचे) स्पष्ट शिखर आहे, आणि सी-२९ हे सी-३० हून बरेच बुटके आहे. गोळ्यात ओलिनेन दिसत नाही. सी-२९ हे सी-३० च्या बरोबरीने, किंबहुना किंचित वर आहे आणि सी-३५ ची जोडी सी-३४ च्या जोडीहून उंच आहे. ॲरोमॅटिक भागात डायबेंझोथायोफीन (गंधक असलेले ॲरोमॅटिक संयुग) आणि त्याची मिथाइलयुक्त भावंडे फेनँथ्रीनांच्या तुलनेत गोळ्यात फार ठळक आहेत, कच्च्या तेलात ती जेमतेम आहेत. हे तेल आखाती देशांतून येणाऱ्या टँकरमधून सांडलेले आहे, असे आता मी लिहू शकते का?

निवृत्त_तेलरसायनी

आपण काम फार चोख केले आहे. तुम्ही सांगितलेल्या निरीक्षणांवरून पहिला निष्कर्ष ठामपणे लिहिता येईल: गोळ्यातील तेल तुमच्याकडील मुंबई हायच्या नमुन्याचे नाही. सी-३५ सारखी लांब शेपटीची हॉपेने अपक्षयाने कमी होतात, वाढत नाहीत. गोळ्यात ती मुंबई हायच्या नमुन्याहून जास्त आहेत, त्यामुळे हा फरक अपक्षयाच्या माथी मारता येत नाही. ओलिनेन सपुष्प वनस्पतींपासून येते आणि तेही हॉपेनासारखेच चिवट असते, तेव्हा ते उन्हापावसाने नाहीसे झाले असेही म्हणता येत नाही. डायबेंझोथायोफीनांचे तसेच. दोन मिथाइल कार्बन जोडलेली डायबेंझोथायोफीने आणि तशीच फेनँथ्रीने साधारण सारख्या वेगाने जातात, म्हणून २१२ आणि २०६ या आयनांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर बराच काळ टिकते आणि तेलातील गंधकाची मूळ कहाणी सांगत राहते.

दुसरा निष्कर्ष भूशास्त्राचा आहे. मुंबई हायचे तेल मुख्यतः पॅलिओसीन-इओसीन काळातील पन्ना शैलसमूहातून आलेले मानले जाते, आणि त्या गाळात जमिनीवरील वनस्पतींचा अंश आहे. अरबस्तानातील मोठ्या क्षेत्रांचे तेल जुरासिक काळातील चुनखडीयुक्त सागरी खडकांतून आले आहे. त्या काळात सपुष्प वनस्पतींचा बोलबाला सुरू झालेला नव्हता, म्हणून ओलिनेन नाही. प्राणवायू नसलेल्या चुनखडीच्या तळामुळे सी-२९ व सी-३५ उंच आणि गंधक भरपूर. तुमची चारही निरीक्षणे एकाच दिशेने बोट दाखवतात, हे मला फार आश्वासक वाटते. 'चुनखडीयुक्त सागरी उगमखडकातील, गंधकयुक्त तेल; पश्चिम आशियाई तेलांशी सुसंगत' असे लिहा.

'टँकरमधून सांडलेले' हे मात्र लिहू नका. भारतातील तेलशुद्धीकरण कारखाने पश्चिम आशियाचे कच्चे तेल मोठ्या प्रमाणावर वापरतात, आणि त्यातून निघणाऱ्या जड इंधन तेलात तीच हॉपेने, तेच गंधक उतरते. ते इंधन कोणत्याही मालवाहू जहाजाच्या टाकीत असू शकते. मुंबईजवळ ४ ऑगस्ट २०११ रोजी बुडालेले रॅक कॅरियर हे कोळसा वाहणारे जहाज होते. त्यातून जे गळले ते कच्चे तेल नव्हते, जहाजाचे इंधन होते. तेव्हा गोळ्यातील माल कच्चे तेल आहे की इंधन, हा प्रश्न आधी सोडवा. त्यासाठी १९२ चा आयन काढा. मिथाइल फेनँथ्रीनांची चार शिखरे दोन जोड्यांत दिसतात. दोन जोड्यांच्या मध्ये २-मिथाइल अँथ्रॅसीनचे पाचवे शिखर असेल, तर तो कारखान्यात उच्च तापमानाला रेणू तोडून बनवलेल्या मालाचा अंश आहे, कारण कच्च्या तेलात ते जवळपास नसते. मात्र हे संयुग सूर्यप्रकाशाने लवकर जाते. सापडले तर इंधन म्हणता येईल. न सापडल्यास, विशेषतः पापुद्र्यात, कच्चे तेल म्हणता येणार नाही. यासाठी गाभ्याचाच नमुना चालवा.

संपृक्त भागात सी-३० च्या पलीकडे अल्केनांचा दुसरा उंच समूह दिसतो का, हेही पाहावे. कच्च्या तेलाच्या टाकीच्या तळाशी मेण साचते, आणि टाकी धुतलेला गाळ समुद्रात सोडला की त्या गोळ्यांत असा दोन टेकड्यांचा आकार दिसतो. तो दिसला तर टँकरची शंका लिहिण्याला काही आधार मिळेल. कोणत्या जहाजाचा, हे त्या जहाजाच्या टाकीतील नमुना हाती असल्याशिवाय कोणत्याही प्रयोगशाळेने सांगू नये.

अहवालाच्या भाषेबद्दल एक सूचना आहे. युरोपात तेलाची ओळख पटवण्यासाठी जे मानक वापरतात, त्यात निष्कर्षाचे चारच प्रकार आहेत: नक्की जुळते, बहुधा जुळते, निर्णय देता येत नाही आणि जुळत नाही. दोन नमुन्यांतील गुणोत्तरांमध्ये १४ टक्क्यांपर्यंतचा सापेक्ष फरक मोजमापाच्या अनिश्चिततेत धरला जातो. त्याहून जास्त फरक असेल तर तो अपक्षयाने झाला हे दाखवावे लागते, नाहीतर तेल वेगळे मानावे लागते. हा आकडा वापरण्याआधी एकच नमुना लागोपाठ अनेकदा चालवून तुमच्या यंत्राच्या मोजमापांतील विचलन पाच टक्क्यांच्या आत आहे, याची खात्री करून घ्या.

याच मानकात अपक्षय-आलेख म्हणून एक सोपी आणि फार बोलकी रीत आहे. प्रत्येक संयुग हॉपेनाच्या तुलनेत मोजून, नमुन्यातील प्रमाण मूळ तेलाच्या किती टक्के आहे ते काढायचे आणि आडव्या अक्षावर धारणकाळ (घटक यंत्राच्या नळीतून बाहेर यायला लागणारा वेळ) घेऊन बिंदू मांडायचे. निव्वळ बाष्पीभवन असेल तर डावीकडे खाली पडलेले बिंदू एका गोलाईने चढत शंभरच्या रेषेला येऊन मिळतात. जिवाणूंचे काम असेल तर अल्केने आपल्या शेजाऱ्यांना सोडून खाली बसतात. एखादा चिवट घटक शंभरच्या बराच वर गेला, तर अपक्षयाला त्याचे उत्तर देता येत नाही. मग एकतर तेल वेगळे असते किंवा त्यात दुसरे काही मिसळलेले असते. तुमच्या नमुन्यासाठी हा आलेख मुंबई हायच्या तेलाशी तुलना करून काढा आणि इथे दाखवा. डायबेंझोथायोफीनांचे बिंदू आकाशाला भिडलेले असतील असा माझा अंदाज आहे. सी-२७, सी-२९ आणि सी-३१ या अल्केनांचे बिंदू वर गेलेले दिसले तर मात्र त्यावर काही लिहिण्याआधी वाळूचा कोरा नमुना पाहून घ्या, ते सुरूच्या पानांचे असण्याची शक्यता जास्त आहे.